एआय कुठून सुरू करायचं, हे तपासणीच्या खर्चावरून ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यंत्रांचे सुटे भाग पुरवणारी दीडशे माणसांची कंपनी, तिथे तुम्ही तंत्रज्ञान प्रमुख. सहा महिन्यांत कंपनीत एआय आणा, असं संचालकांनी सांगितलंय. टेबलावर चार व्हेंडरांचे प्रस्ताव आहेत: ग्राहकांना उत्तरं देणारा चॅटबॉट, पुरवठादारांची बिलं वाचणारी प्रणाली, विक्रीचा अंदाज बांधणारं साधन आणि नोकरीचे अर्ज चाळणारं साधन. यातलं आधी काय घ्यावं, आणि ग्राहक सेवेतली माणसं कमी करता येतील का, असं तुम्ही विचारलंय.

गेली बावीस वर्षं मी कंपन्यांमध्ये संगणक प्रणाली बसवण्याचं आणि त्या चालत्या ठेवण्याचं काम करते आहे. असाच निरोप मलाही २०२३ च्या मार्चमध्ये आला होता. चॅटजीपीटी लोकांसमोर येऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्यामुळे तुमच्यावरचा दबाव मला चांगला कळतो. संचालकांची घाईही अगदीच निराधार नाही. हे तंत्रज्ञान खरंच कामाचं आहे, आम्ही ते रोज वापरतो, आणि त्याच्याकडे पाठ फिरवणं मला चुकीचं वाटतं. पण चार प्रस्तावांमधून एक निवडण्याआधी मी प्रश्न थोडा फिरवून मांडेन.

कुठलं साधन चांगलं आहे, हे डेमो पाहून कळणार नाही. डेमोत चारही चांगलीच दिसतील. प्रत्येक कामापुढे हे लिहा: साधनाने यात चूक केली, तर ती कोणाला कळेल, किती दिवसांत कळेल, आणि कळेपर्यंत किती नुकसान झालेलं असेल? माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने जेवढे निर्णय सोपे केलेत, तेवढे कुठल्याही तुलनात्मक तक्त्याने केलेले नाहीत.

त्याचं कारण या साधनांमागच्या मॉडेलच्या स्वभावात आहे. आज आपण ज्याला सरसकट एआय म्हणतो, ती भाषेची मॉडेल २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर नावाच्या रचनेवर उभी आहेत. आधीचा मजकूर बघून पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधणं हे त्यांचं मूळ काम. हा अंदाज थक्क करण्याइतका चांगला झालाय. पण बरोबर उत्तर आणि चुकलेलं उत्तर दोन्ही एकाच सुरात, एकाच ठामपणे बाहेर पडतं. जुनं सॉफ्टवेअर बिघडलं की पडदा थांबायचा, लाल अक्षरं यायची, कोणीतरी फोन करायचं. इथे बिघाड झाला तरी हातात सुबक, नेटकं, व्याकरणशुद्ध उत्तर येतं. म्हणजे चूक शोधण्याचं काम यंत्राकडून माणसाकडे सरकलं. त्या माणसाचा वेळ कुठल्याच प्रस्तावात धरलेला नसतो. तुमच्या चार प्रस्तावांतही नसणार, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

म्हणून मी कामं त्यांच्या तपासणीच्या खर्चाप्रमाणे बघते. काही कामं करायला वेळ लागतो, तपासायला लागत नाही. लांबलचक पत्रव्यवहाराचा गोषवारा, ज्याला तो विषय माहीत आहे त्याच्याच हातात जाणारा पत्राचा मसुदा, किंवा ज्याच्यासाठी चाचण्या आधीच लिहून ठेवल्या आहेत असा प्रोग्राम. इथे एआय बेलाशक लावा. काही कामं तपासायला करण्याइतकाच वेळ लागतो. न्यूयॉर्कच्या दोन वकिलांचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. चॅटजीपीटीने दिलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले खटले त्यांनी न्यायालयात दाखले म्हणून दिले. २०२३ च्या जूनमध्ये न्यायालयाने त्यांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५००० डॉलरचा दंड ठोठावला. दाखला खरा आहे का आणि तो आपल्या प्रकरणाला लागू पडतो का, हे पाहणं हेच तर मुळात वकिलाचं काम. ते करायचंच असेल तर वाचलेला वेळ फारसा उरत नाही. आणि काही कामं अशी, की चूक झाली का हे सहा महिने, वर्षभर कळतच नाही. ती सगळ्यात शेवटी हातात घ्यायची. तुमच्या यादीतली दोन कामं याच प्रकारची आहेत.

आता एकेक प्रस्ताव घेऊ. बिलांपासून सुरुवात करते, कारण माझ्या मते तुम्हीही तिथूनच करावी.

बिल वाचण्याच्या कामात एक मोठी सोय आहे: खरं काय ते दुसरीकडे लिहिलेलं असतं. तुम्ही दिलेली खरेदी ऑर्डर आहे, गोदामात माल उतरल्याची नोंद आहे, आणि तिसरं बिल. तिन्हींची जुळणी झाली तर वाचन बरोबर. झाली नाही, तर माणसाकडे पाठवा. चूक त्याच दिवशी, पैसे जाण्याआधी सापडते. आम्ही ही प्रणाली लावली तेव्हा पहिले दोन महिने ती नुसती बाजूला चालवली. ती वाचायची, पण खात्यात काहीच नोंदवायची नाही. नोंदी हिशेब विभाग नेहमीसारख्या हाताने करायचा आणि संध्याकाळी दोन्ही ताडून पाहायचो.

त्याच दिवसांतली गोष्ट. आमच्या हिशेब विभागातल्या सगळ्यात जुन्या बाई एक छापील कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. प्रणालीने तो बिल म्हणून वाचला होता. नाव, क्रमांक, तारीख, नग, दर, रक्कम सगळं अचूक. त्यांनी कागदाच्या उजव्या कोपऱ्यावर पेन टेकवलं. तिथे बारीक अक्षरात 'क्रेडिट नोट' लिहिलेलं होतं. रकमेच्या डावीकडे, अंकांपासून बरंच लांब, छपाईत पुसट झालेली एक आडवी रेघ होती. ती वजाबाकीची खूण. पुरवठादाराने परत घेतलेल्या मालाचे पैसे आपल्याला वळते करायचे होते, आणि प्रणाली तेच पैसे त्याला द्यायला निघाली होती. "मॅडम, याला माल आलेलाच नाही, मग बिल कशाचं?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी ते वाचनातून पकडलं नव्हतं, गोदामाची आवक नोंद सापडली नाही म्हणून पकडलं होतं.

त्या कागदावरून आम्ही दोन नियम केले, ते आजही तसेच आहेत. तिहेरी जुळणी झाल्याशिवाय एकही रक्कम आपोआप पुढे जाणार नाही, मग प्रणाली स्वतःच्या वाचनाबद्दल कितीही खात्री दाखवो. आणि गणित मॉडेलने करायचं नाही. नग गुणिले दर, कर, एकूण बेरीज हे सगळं साधा प्रोग्राम करतो आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघतो. बेरजेसाठी संगणकाला अंदाज बांधायला लावायचं काहीच कारण नाही. सुरुवातीला दहातली चार-पाच बिलं माणसाकडे जायची. वर्षभरात ती दोनवर आली. शून्यावर आणायचा प्रयत्न आम्ही केला नाही. उरलेली दोन खरोखर विचित्र असतात आणि ती माणसानेच बघावीत असं आमच्या हिशेब विभागाचं मत आहे. मला ते पटतं.

तुमच्याकडे महिन्याला पन्नास-साठच बिलं येत असतील, तर मात्र हा सगळा खटाटोप करू नका. जोडणी करण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च निघणार नाही. काही शे असतील तर निघतो.

चॅटबॉटबद्दल जास्त सविस्तर लिहिते, कारण संचालकांना बहुतेक तोच हवा असणार. दाखवायला तो छान असतो.

आधीच्या एका कंपनीत आम्ही ग्राहकांसाठी असा बॉट उघडला होता. कंपनीची कागदपत्रं त्याला जोडली होती. प्रश्न आला की त्यातले संबंधित उतारे शोधायचे आणि त्यांच्या आधारे उत्तर लिहायचं, अशी त्याची रीत. सहा आठवडे सगळं सुरळीत वाटत होतं. मग एकाच वितरकाच्या दोन शाखांनी आपापली उत्तरं शेजारी ठेवून आम्हाला पाठवली. एका शाखेला बॉटने सांगितलं होतं की वॉरंटी माल पाठवल्यापासून १२ महिने. दुसरीला सांगितलं होतं, यंत्र बसवल्यापासून १८ महिने. दोन्ही उत्तरांखाली कागदाचा संदर्भ होता आणि दोन्ही संदर्भ खरे होते. फोल्डरमध्ये वॉरंटीच्या अटींच्या तीन फाइली होत्या आणि तिन्हींच्या नावात 'अंतिम' हा शब्द होता.

बॉटने तिथे काही रचून सांगितलं नव्हतं. आमच्याच कागदात जे होतं तेच त्याने सांगितलं. इतकी वर्षं ही विसंगती कोणाला टोचली नव्हती, कारण सेवा विभागातली माणसं फाइल उघडतच नव्हती. शंका आली की ती पलीकडच्या टेबलावरच्या अनुभवी सहकाऱ्याला विचारायची. खरी अट त्याच्या डोक्यात होती. पुढचे दोन महिने आम्ही एकही ओळ प्रोग्राम न लिहिता कागदं साफ केली. प्रत्येक कागदाला एक मालक, लागू झाल्याची तारीख, आणि जुनी आवृत्ती बॉटच्या नजरेआड. तुमच्या कंपनीत हे काम किती मोठं निघेल, हे तुमच्या फोल्डरांवर अवलंबून आहे. एक सोपी चाचणी सांगते: सेवा विभागातल्या तिघांना वेगवेगळं बसवून वॉरंटी, परतावा आणि डिलिव्हरीबद्दलचे दहा प्रश्न विचारा, आणि उत्तर कुठल्या कागदात आहे ते दाखवायला सांगा. तिघांनी वेगवेगळे कागद दाखवले, तर बॉट पुढे ढकला.

आणि बॉट जे बोलेल ते कंपनीचं बोलणं धरलं जाईल, हे संचालकांना आधीच सांगा. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला जवळच्या माणसाच्या निधनानंतर मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. प्रवासानंतरही अर्ज करता येईल असं त्याने सांगितलं, कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, अशा आशयाची बाजू कंपनीने मांडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या लवादाने ती फेटाळली आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ होती, आठशे कॅनेडियन डॉलरच्या आसपास. पण तत्त्व ठरलं, आणि मला ते न्याय्य वाटतं. ग्राहकाने तुमच्या दारात उभं राहून विचारलं, तुमच्या दारातून उत्तर मिळालं.

मग बॉट घ्यायचाच नाही का? घ्या, पण आधी त्याचं तोंड आपल्या माणसांकडे करा. ग्राहकाचा प्रश्न आला की प्रणाली उत्तराचा मसुदा तयार करेल, शेजारी मूळ कागदातला उतारा दाखवेल, आणि सेवा विभागातला माणूस वाचून, लागलं तर दुरुस्त करून पाठवेल. त्या माणसाला विषय माहीत असतो, त्यामुळे त्याची तपासणी अर्ध्या मिनिटात होते. शिवाय त्याने काय दुरुस्त केलं याची नोंद राहते, आणि कुठल्या प्रकारच्या प्रश्नात प्रणाली चुकते याचं चित्र आपोआप तयार होतं. सहा-आठ महिन्यांनी ज्या प्रकारात दुरुस्त्या जवळजवळ थांबल्या असतील, तेवढाच प्रकार थेट ग्राहकासाठी उघडा. 'माझी ऑर्डर कुठे आहे' हा बहुतेक पहिला निघतो. 'हा भाग माझ्या यंत्राला बसेल का' हा कदाचित कधीच निघणार नाही, कारण तिथे चुकीच्या होकाराने ग्राहकाचं यंत्र बंद पडतं.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, माणसं कमी करण्याच्या.

याविषयी मला आवडलेला एक अभ्यास आहे. अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडलेला. एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या ग्राहक सेवेच्या पाच हजारांहून अधिक माणसांचं काम त्यांनी तपासलं; त्यातल्या काहींना, मी वर सांगितलं तसंच, उत्तर सुचवणारं साधन देण्यात आलं होतं. साधन मिळालेल्यांत तासाला सुटणाऱ्या तक्रारींचं प्रमाण सरासरी १४ टक्क्यांनी वाढलं. पण ही सरासरी फसवी आहे. नव्या आणि कमी कौशल्याच्या माणसांत वाढ ३४ टक्के होती, मुरलेल्यांत जवळपास काहीच नाही. साधन चांगल्या माणसांच्या संभाषणांतून शिकलं होतं आणि त्यांचं शहाणपण नव्यांपर्यंत पोचवत होतं. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो नव्या माणसाला लवकर तयार करण्याच्या रूपात येतो. अनुभवी माणूस काढून टाकलात, तर साधनाला पुढच्या वर्षी शिकायला काही उरणार नाही.

क्लार्ना या पैशांच्या व्यवहारातल्या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं, की त्यांचा एआय सहायक ७०० पूर्णवेळ माणसांइतकं काम करतो. २०२५ मध्ये त्यांच्याच प्रमुखांनी मान्य केलं की खर्चाकडे जास्त बघितल्याने दर्जा उतरला, आणि त्यांनी पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. यावरून बॉट निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. त्यांचा सहायक त्यानंतरही चालूच राहिला. पण माणसं आणि बॉट यांची एकास एक अदलाबदल होत नाही. सोपे प्रश्न बॉटकडे गेले की माणसाकडे उरतात ते गुंतागुंतीचे, चिडलेल्या ग्राहकांचे, तीन विभागांत अडकलेले. एकेका प्रश्नाला लागणारा वेळ वाढतो. दिवसातले वीस सोपे प्रश्न सोडवताना माणसाला मध्ये जो श्वास घ्यायला मिळायचा, तोही जातो. आणि नवा माणूस ज्या सोप्या प्रश्नांवर हात बसवायचा, ते प्रश्नच नाहीसे होतात. आमच्याकडे हे झालं तेव्हा सहा महिने मला कारण कळलं नव्हतं. नवी मुलं चांगली होती, तरी तयार होत नव्हती. शेवटी त्यांच्यासाठी पहिले दोन महिने काही सोपे प्रश्न बॉटकडून मुद्दाम काढून घ्यावे लागले.

संचालकांना मी असं सांगेन: या वर्षी सेवा विभागातून कोणाला काढायचं नाही. कंपनी वाढली तर त्या प्रमाणात नवी भरती करावी लागणार नाही, एवढं उद्दिष्ट ठेवा. तेवढंही पुष्कळ आहे. शिवाय माणसांना आपली नोकरी जाणार असं वाटलं, तर ती मसुद्यातली चूक दुरुस्त करतील पण सांगणार नाहीत, आणि तुमची प्रणाली सुधारायचा सगळ्यात चांगला मार्ग बंद होईल.

विक्रीच्या अंदाजाबद्दल थोडक्यात. सुट्या भागांची मागणी विचित्र असते. एखादा बेअरिंगचा प्रकार पाच महिने कोणी विचारत नाही आणि सहाव्या महिन्यात चाळीस नग जातात. अशा तुटक मागणीसाठी क्रॉस्टन यांनी १९७२ मध्येच एक पद्धत दिली आहे: दोन मागण्यांमधलं अंतर आणि दर वेळचा नग यांचे अंदाज वेगवेगळे बांधायचे. ती आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत, आणि त्या चालवायला महागडी प्रणाली लागत नाही. व्हेंडरला एवढंच विचारा, की आमच्या मागच्या तीन वर्षांच्या नोंदींवर तुमचं साधन या जुन्या पद्धतीपेक्षा किती सरस ठरतं ते दाखवा. दाखवलं तर विचार करा. अंदाजावर आपोआप खरेदी मात्र लगेच सोडू नका. झिलो या घरांच्या व्यवहारातल्या अमेरिकी कंपनीने किमतीच्या अंदाजांच्या भरवशावर स्वतः घरं विकत घ्यायला सुरुवात केली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदा बंद करायचं तिने जाहीर केलं, आणि सुमारे चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांना जावं लागलं. अंदाज चुकला हे घर विकायला काढल्यावर कळतं, तोवर पुढची शेकडो घरं घेऊन झालेली असतात. तुमच्या गोदामातही तसंच होईल, लहान प्रमाणात.

भरतीचं साधन घेऊ नका. दीडशे माणसांच्या कंपनीत वर्षाला किती जागा भरता? अर्ज माणसानेच वाचावेत. ॲमेझॉनने असं साधन आतल्या आत बनवून पाहिलं होतं. दहा वर्षांच्या अर्जांवरून ते शिकलं, त्यात पुरुष जास्त होते, आणि ते स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखायला लागलं. शेवटी तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. २०१८ मध्ये हे बाहेर आलं. युरोपीय संघाच्या एआय कायद्यात भरतीची साधनं उच्च जोखमीच्या गटात टाकली आहेत ती उगाच नाहीत. ज्याला नाकारलं तो माणूस चांगला निघाला असता का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तपासणी इथे नुसती महाग नाही, अशक्य आहे.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: बिलं आधी, सेवा विभागासाठी मसुदे त्यानंतर, अंदाजासाठी जुनी पद्धत, भरतीचं साधन नको.

आता एका गोष्टीचा मी आग्रह धरेन. काहीही विकत घेण्याआधी आजची स्थिती मोजा. एका बिलाला आज किती मिनिटं लागतात, शंभरात किती चुकतात, ग्राहकाच्या पत्राला पहिलं उत्तर किती तासांत जातं, एकाच प्रश्नासाठी ग्राहक पुन्हा किती वेळा लिहितो. हे आकडे नसतील तर सहा महिन्यांनी 'फायदा झाला का' या प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त लोकांचं मत उरेल, आणि या विषयात लोकांचं मत भरवशाचं नाही. मेटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांवर प्रयोग केला. त्यांच्या ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं घेतली, काही एआयच्या मदतीने करायची, काही त्याशिवाय. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि काम संपल्यावर विचारलं, तर आपण सुमारे २० टक्के लवकर केलं असं त्यांना वाटत होतं. स्वतःच्या कामात मुरलेल्या माणसांचा हा अंदाज होता. त्यानंतर साधनं सुधारली असतील, पण घड्याळ लावून मोजायची गरज तशीच आहे.

मोजणीबरोबर स्वतःचा चाचणी संच बनवा. आम्ही दोनशे खरी उदाहरणं निवडली: नेहमीची, पुसट छापलेली, दोन पानांवर तुटलेली, हाताने खाडाखोड केलेली, आणि ती क्रेडिट नोट. प्रत्येकाचं बरोबर उत्तर माणसाने लिहून ठेवलं. व्हेंडरच्या डेमोत त्यांचा नमुना न वापरता हाच संच चालवायला लावला. खरा उपयोग पुढे होतो. मॉडेल पुरवणाऱ्या कंपन्या अधूनमधून आवृत्ती बदलतात, आणि तुम्ही एक अक्षर न बदलता तुमची उत्तरं बदलतात. नवी आवृत्ती आली की आम्ही आधी संच चालवतो, जुन्या आकड्यांशी ताडतो, मगच पुढे जातो. करारात आवृत्ती बदलाची पूर्वसूचना मागून घ्या.

सुरक्षेबद्दल तीनच गोष्टी, पण त्या टाळू नका. सॅमसंगच्या अभियंत्यांनी २०२३ मध्ये कंपनीचा अंतर्गत प्रोग्राम चॅटजीपीटीत चिकटवला आणि कंपनीला तशा साधनांवर बंदी घालावी लागली. नुसत्या बंदीने माणसं स्वतःच्या फोनवर तेच करतात, म्हणून कंपनीने परवानगी दिलेलं एक साधन आधी हातात द्या आणि मग बाकीची बंद करा. दुसरं, कागदपत्रं शोधणारं साधन जोडण्याआधी फोल्डरांचे अधिकार तपासा. पगाराची फाइल वर्षानुवर्षं सगळ्यांना उघडी असते, कोणी तिथे जात नाही म्हणून कळत नाही. साधन सेकंदात पोचतं. तिसरं, बाहेरून आलेली पत्रं वाचणाऱ्या साधनाला स्वतःहून पत्र पाठवायचा किंवा पैसे हलवायचा अधिकार देऊ नका. पत्रातच कोणी सूचना लपवून ठेवली, तर मॉडेल ती मालकाची आज्ञा समजून पाळू शकतं, आणि यावर अजून पक्का उपाय निघालेला नाही.

राहिला सहा महिन्यांचा मुद्दा. कारखान्यांत वीज आली तेव्हाची हकिगत आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये लिहिली. एडिसनची वीज केंद्रं १८८२ मध्ये सुरू झाली, पण कारखान्यांच्या उत्पादकतेत मोठी झेप दिसायला १९२० चं दशक उजाडलं. सुरुवातीला मालकांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली. छताखालचा लांब दांडा, त्यावरून खाली उतरणारे पट्टे आणि त्या दांड्याभोवती दाटीने मांडलेली यंत्रं हे सगळं तसंच राहिलं. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर मिळाली, मग यंत्रं दांड्याजवळ ठेवायची गरज संपली, आणि कामाच्या क्रमाने मांडणी करता आली. खरा फायदा त्या नव्या मांडणीतून आला. तुमच्याकडचा चॅटबॉट हा आत्ता दांड्याला जोडलेल्या मोठ्या मोटरसारखा आहे. तीन 'अंतिम' फाइली, तोंडी चालणाऱ्या अटी आणि बिलाची चार टेबलांवरची फेरी हा तो दांडा. तो हलवायला तंत्रज्ञान विभागाचा अधिकार पुरत नाही. म्हणून हिशेब आणि सेवा विभागाच्या प्रमुखांना पहिल्या दिवसापासून या कामाचे मालक करा. तुम्ही एकट्याने घेतलंत तर ते 'संगणक विभागाचं काहीतरी' होऊन बसेल.

संचालकांपुढे मी एका पानाचा कागद ठेवेन. पहिला महिना मोजणी आणि चाचणी संच. दुसरा-तिसरा महिना बिलांची प्रणाली बाजूला, नोंदी न करता. त्याच वेळी वॉरंटी आणि परताव्याच्या कागदांची सफाई. चौथ्या महिन्यापासून जुळणी झालेली बिलं आपोआप. पाचव्या-सहाव्या महिन्यात सेवा विभागातल्या चार माणसांना मसुद्याचं साधन, त्यात दोन नवी आणि दोन जुनी. खर्चाच्या रकान्यात साधनाच्या शुल्काखाली तपासणीच्या तासांची वेगळी ओळ, नावानिशी. आणि प्रत्येक टप्प्यासमोर तो थांबवायची अट आधीच लिहिलेली: बिलांचं वाचन माणसापेक्षा जास्त चुकलं तर इतक्या आठवड्यांनी बंद. अट आधी लिहिली नसेल तर पैसे खर्च झाल्यावर कोणालाच थांबवता येत नाही, हे मी तीनदा पाहिलंय.

दोन गोष्टी कळवाल का? महिन्याला बिलं किती येतात, आणि सेवा विभागात मागच्या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी कुठलीही दोनशे हाताने चाळली तर त्यांचे प्रकार किती निघतात. एवढं हातात आलं की सेवा विभागासाठी कुठल्या प्रकारापासून सुरुवात करायची, ते नेमकं सांगता येईल.